विंचेस्टर १८९४ ची 'ट्रॅपर' कार्बाइन : आखूड नळी कारखान्यातली की करवतीची?

गिरिजा_मोंटाना
सर्वांना नमस्कार. जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलींचा, म्हणजे चापाखालची दांडी खाली-वर करून पुढचे काडतूस भरायच्या रायफलींचा, अभ्यास करणारी काही जाणकार मंडळी येथे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. मी राहते त्या गावातील एका विक्रेत्याकडे विंचेस्टर या अमेरिकी कंपनीच्या मॉडेल १८९४ ची .३०-३० कॅलिबरची कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, विक्रीस आली आहे. नेहमीच्या कार्बाइनची नळी २० इंचांची असते आणि हिची १५ इंचांची आहे. अशा आखूड कार्बाइनला संग्राहक 'ट्रॅपर' म्हणतात, आणि साध्या कार्बाइनच्या कितीतरी पट किंमत तिला मोजतात. हिचा क्रमांक पाच लाखांच्या पुढचा आहे. त्या क्रमांकाच्या कारखान्याच्या नोंदी उपलब्ध नाहीत असे विक्रेता आधीच सांगतो. अशा पुष्कळ कार्बाइन दक्षिण अमेरिकेत गेल्या होत्या आणि ही तिकडूनच परत आली आहे, असेही त्याचे म्हणणे आहे. कागद नसेल तेव्हा केवळ वस्तू पाहून अस्सलपणा ठरवता येतो का, आणि येत असेल तर नेमके काय पाहावे?

न्यूहेवनकर
नोंदींबद्दल विक्रेता खरे बोलत आहे. विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या वायोमिंगमधील कोडी येथील 'बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट'च्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये आहेत, आणि शुल्क भरल्यास संग्रहालय रायफलीच्या क्रमांकावरून नोंदीचे पत्र देते. मात्र प्रत्येक मॉडेलच्या वह्या सलग टिकलेल्या नाहीत. मॉडेल १८९४ च्या नोंदी ३,५३,९९९ या क्रमांकापर्यंत आहेत, १८९२ च्या ३,७९,९९९ पर्यंत आणि १८९५ च्या ५९,९९९ पर्यंत. १८६६ च्या नोंदी तर १,२४,९९५ पासूनच सुरू होतात, म्हणजे आधीच्या सव्वा लाख रायफलींबद्दल वह्या काहीच सांगत नाहीत. तेव्हा तुमच्या कार्बाइनला पत्र मिळणार नाही.

दक्षिण अमेरिकेची गोष्टही निराधार नाही. आखूड कार्बाइन तिकडे मोठ्या प्रमाणात गेल्या आणि पुढे त्यांतील बऱ्याच अमेरिकेत परतल्या. परंतु हीच खरी गोष्ट प्रत्येक कापलेल्या कार्बाइनसोबतही सांगितली जाते. ती ऐकून घ्यावी आणि तपासणीच्या वेळी पूर्णपणे बाजूला ठेवावी.

पोलादपूरकर
मी व्यवसायाने यंत्रकामगार आहे, त्यामुळे मला या प्रश्नात कागदापेक्षा धातू जवळचा वाटतो. दुर्मीळ प्रकारांत दोन जाती असतात. एका जातीत रायफलीवर काही चढवलेले असते, म्हणजे कोरीवकाम, उंची लाकूड किंवा सोन्याचे जडावकाम. दुसऱ्या जातीत काही कमी केलेले असते, म्हणजे आखूड नळी किंवा आखूड मॅगझिन (नळीखालची काडतुसांची ट्यूब). दुसऱ्या जातीची नक्कल सर्वांत स्वस्त पडते, कारण तिला करवत, कानस आणि एक मोकळी दुपार एवढेच लागते. म्हणून ट्रॅपरकडे अधिक संशयाने पाहिलेच पाहिजे.

गिरिजाताई, पुढची तपासणी विक्रेत्याच्या परवानगीने आणि त्याच्याच हातून करून घ्या. या कार्बाइनमध्ये नळी आणि तिच्याखालची मॅगझिन ट्यूब यांना पुढच्या टोकाजवळ एक बँड एकत्र धरतो. त्या बँडचा आडवा स्क्रू नळी आणि ट्यूब यांच्यामधून जातो, आणि त्याला वाट मिळावी म्हणून नळीच्या पोटाला एक अर्धगोल खाच असते. वीस इंचांची नळी कापून पंधराची केली की मूळ खाच कापलेल्या तुकड्याबरोबर जाते आणि नवी पाडावी लागते. बँड काढून त्या खाचेत भिंगातून पाहा. कारखान्यातल्या खाचेच्या कडा सुबक आणि एकसारख्या असतात, आणि आतल्या धातूचे वय बाहेरच्या धातूच्या वयाशी जुळते. हाताने पाडलेल्या खाचेत कानशीच्या रेघा दिसतात, कडा कमीजास्त असतात, आणि पुष्कळदा आतला धातू उजळ असतो किंवा त्यावर बाटलीतले निळे रसायन फासलेले असते.

त्यानंतर टोकावरची, नेम धरायची माशी पाहा. तिचे पाते ज्या उंचवट्यात बारीक खिळीने बसवलेले असते, तो उंचवटा नळीशी एकजीव दिसला पाहिजे. नळी कापणाऱ्याला तो नवा जोडावा लागतो. त्याच्या पायाभोवती डाखाची रुपेरी रेघ, किंवा उष्णतेने आजूबाजूच्या निळ्या झिलईचा बदललेला रंग दिसला, तर पुढे काही पाहण्याचे कारण नाही. शेवटी मॅगझिन ट्यूबच्या टोकाचे बूच आणि नळीचे तोंड पाहा. शंभर वर्षांच्या वापराने नळीची बाजू करडी पडली असेल आणि तोंडाची कड मात्र धारदार असेल, तर त्या दोघांचे वय एक नाही.

अश्विन_डेट्रॉइट
पोलादपूरकरांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण एक मत मांडतो. विंचेस्टर कंपनी ग्राहक मागेल ते बनवून देत असे. अष्टकोनी नळी, अर्धी अष्टकोनी आणि अर्धी गोल नळी, दुहेरी चाप, आखूड मॅगझिन, उंची अक्रोडाचा दस्ता, सगळे काही जादा पैसे भरून मिळत होते. शिवाय कारखाना जुने सुटे भाग फेकून देत नसे, ते संपेपर्यंत वापरी. त्यामुळे पुस्तकात न बसणारी प्रत्येक रायफल खोटी ठरवली, तर खऱ्या दुर्मीळ वस्तूंवरही अन्याय होईल.

न्यूहेवनकर
अश्विन, तुमचे पहिले वाक्य खरे आहे आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. 'त्या कारखान्यातून काहीही निघू शकत असे' हे वाक्य मी प्रदर्शनांमध्ये पुष्कळ टेबलांवर ऐकले आहे, आणि ते बहुधा अशाच रायफलीसाठी वापरले जाते जिच्या बाजूने दुसरे काहीच बोलता येत नाही. काहीही निघू शकत असले, तरी जे निघाले ते त्या काळातील हत्यारांनी, त्या काळातील ठशांनी आणि त्या कारखान्याच्या हातानेच झालेले असे. विशेष मागणीची रायफलसुद्धा हे नियम मोडत नाही.

कालक्रमाची चाचणी पाहा. मॉडेल १८९४ सुरुवातीला .३२-४० आणि .३८-५५ या कॅलिबरमध्ये आले, .३०-३० १८९५ मध्ये, आणि .३२ विंचेस्टर स्पेशल १९०२ मध्ये. आता रिसीव्हरचा, म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधल्या लोखंडी सांगाड्याचा, क्रमांक १८९६ च्या सुमाराचा आणि नळीवर .३२ स्पेशलचा ठसा, अशी रायफल समोर आली तर ती 'अतिशय सुरुवातीची दुर्मीळ .३२ स्पेशल' असू शकत नाही. तिची नळी नंतर बदललेली आहे. ती कोणी बदलली हा पुढचा प्रश्न. येथे चाचणीचे ठसे, म्हणजे कारखान्यात नळी झाडून तपासल्याच्या खुणा, मदतीला येतात. १९०५ पासून विंचेस्टरने नळीवर आणि रिसीव्हरवर लंबगोलात डब्ल्यू आणि पी ही जोडअक्षरे मारण्यास सुरुवात केली. टपालाने मागवलेल्या सुट्या नळीवर मात्र लंबगोलात नुसता पी असे. त्यामुळे नळीवर नुसता पी असेल तर ती कारखान्याबाहेर बसवली गेली, आणि जुन्या रिसीव्हरला जोडअक्षरांचा ठसा असलेली नळी असेल तर रायफल पुन्हा कारखान्यात जाऊन आली असण्याची शक्यता मोठी आहे.

गिरिजाताईंच्या कार्बाइनचा क्रमांक १९०५ नंतरचा असल्याने तिच्या नळीवर आणि रिसीव्हरवर, दोन्हीकडे हा ठसा हवा. तो असला तर नळी मूळची आहे असे म्हणता येईल. तिची लांबीही मूळची आहे हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

विदर्भ_वाचक
मी हा विषय दुरूनच वाचतो, त्यामुळे प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमा असावी. ज्या रायफलींच्या नोंदी उपलब्ध आहेत, त्यांच्या बाबतीत तरी संग्रहालयाचे पत्र अंतिम मानावे ना? मग धातूच्या तपासणीची गरज काय?

शरद_हार्टफर्ड
प्रश्न अगदी योग्य आहे, आणि बहुतेक महागड्या फसवणुका याच समजुतीवर उभ्या असतात. पत्र कशाबद्दल बोलते ते नीट पाहिले पाहिजे. वहीत क्रमांक, प्रकार म्हणजे रायफल, कार्बाइन की मस्केट, कॅलिबर, नळी गोल की अष्टकोनी, चाप साधा की विशेष, गोदामात आल्याची आणि बाहेर गेल्याची तारीख, ऑर्डर क्रमांक आणि दुरुस्तीसाठी परत आल्यास त्याची नोंद, एवढे असते. नळीची लांबी नेहमीची असेल तर ती सहसा लिहिलेली नसते. पत्र हे त्या क्रमांकाच्या रायफलीचे वर्णन आहे. आज समोर असलेल्या लोखंडावर तो क्रमांक मूळचा आहे की नाही, हे पत्राला ठाऊक असण्याचा मार्गच नाही.

त्यामुळे कसबी लबाड उलट दिशेने काम करतो. आधी नोंदवहीत 'सोळा इंची' किंवा 'कोरीव' अशी आकर्षक नोंद असलेला क्रमांक शोधायचा, ज्याची मूळ रायफल नष्ट झाली असावी असा अंदाज आहे. मग साध्या रायफलीचा क्रमांक घासून तेथे तो मारायचा, आणि शेवटी रायफल नोंदीप्रमाणे घडवायची. अशा रायफलीचे पत्र निर्दोष असते. म्हणून १८७३, १८७६ आणि १८८६ च्या बाबतीत रिसीव्हरची दस्त्याच्या खाली जाणारी शेपटी, म्हणजे खालचा टँग, तिरप्या उजेडात पाहावा. तेथे क्रमांक असतो. घासलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट होतो, आणि प्रकाशाची रेघ त्या जागेवरून जाताना वाकते. १८९२ आणि १८९४ चा क्रमांक रिसीव्हरच्या खाली पुढच्या बाजूस असतो. तेथेही हीच कसोटी लागू पडते. १८९८ नंतरच्या बंदुकीचा क्रमांक बदलणे हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे, परंतु त्यामुळे ते काम थांबलेले नाही.

उंची लाकडाच्या रायफलींना आणखी एक अंतर्गत साक्षीदार असतो, आणि तो माझा सर्वांत आवडता आहे. विशेष दस्ता एका विशिष्ट रिसीव्हरवर हाताने बसवला जाई, म्हणून कारखान्यातील कारागीर खालच्या टँगच्या बाजूला, दस्त्याच्या आत टँग बसतो त्या खोबणीत आणि दस्त्यामागच्या लोखंडी पट्टीच्या आतल्या बाजूस एकच जुळणी क्रमांक मारत. उंची लाकडाच्या प्रतीनुसार त्याबरोबर एक, दोन किंवा तीन एक्स असत. हा क्रमांक रायफलीच्या मुख्य क्रमांकापेक्षा वेगळा असतो आणि बाहेरून कधीच दिसत नाही. तीनही जागी तो एकच असेल, तर हा दस्ता, ही पट्टी आणि हा रिसीव्हर त्या बाकावर एकत्र होते. टँग कोरा आणि दस्त्यात मात्र तीन एक्स, असे आढळले, तर तो दस्ता दुसऱ्याच रायफलीचा आहे.

मेघना_कॅल्गरी
कॅनडातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांनी १८७८ पासून विंचेस्टर मॉडेल १८७६ च्या .४५-७५ कॅलिबरच्या कार्बाइन घेतल्या. त्यांच्या दस्त्यांवर दलाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ठोकलेली असतात. साध्या १८७६ कार्बाइनपेक्षा अशा कार्बाइनला पुष्कळ अधिक भाव असल्याने नकली ठशांचा सुळसुळाट झाला आहे.

येथे लाकूड वाचावे लागते. दस्ता नवा असताना ठसा ठोकला की तंतू चेपले जातात. पुढे घोड्यावरच्या वापराने, घामाने आणि तेलाने ठशाच्या कडा आणि भोवतालचे लाकूड एकत्रच झिजते, आणि अक्षरांच्या तळाशी तोच जुना काळपट थर बसतो. शंभर वर्षांनंतर झिजलेल्या दस्त्यावर ठसा मारला, तर अक्षरांच्या कडा भोवतालच्या लाकडापेक्षा ताज्या राहतात. एखादा जुना ओरखडा ठशावरून जात असेल, तर तो अक्षराच्या खोल भागात थांबतो की तळातूनही जातो, हे अवश्य पाहावे. ठसा नंतरचा असेल तर ओरखडा अक्षराखाली चिरडलेला दिसतो. या दलाची कार्बाइन कशी वापरली जाई हे ठाऊक असणेही उपयोगी पडते. खोगिरावर आडव्या ठेवल्याने पुढच्या लाकडी भागाची एक विशिष्ट झीज होई, आणि ठसा असूनही तशी झीज मुळीच नसेल तर प्रश्न विचारलाच पाहिजे.

अश्विन_डेट्रॉइट
'वन ऑफ वन थाउजंड'बद्दल कोणीतरी लिहावे. दुर्मीळ लिव्हर-ॲक्शन म्हटले की सर्वप्रथम तेच नाव येते.

शरद_हार्टफर्ड
लिहितो, कारण त्यातही याच धाग्याचा मुद्दा आहे. कंपनीने १८७५ च्या कॅटलॉगमध्ये जाहीर केले की चाचणीत विशेष अचूक ठरलेल्या नळ्या निवडून त्यांपासून खास रायफली बनवल्या जातील आणि त्यांची किंमत १०० डॉलर असेल. मॉडेल १८७३ च्या सुमारे ७,२०,००० रायफली बनल्या, त्यांपैकी अशा दीडशेही नव्हत्या. 'वन ऑफ वन हंड्रेड' ही उतरती प्रत त्याहूनही दुर्मीळ आहे. १९५० मध्ये 'विंचेस्टर '७३' या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी युनिव्हर्सल स्टुडिओने उरलेल्या रायफलींचा जाहीर शोध घेतला. त्यातून काही खऱ्या रायफली उजेडात आल्या, पण हे नाव घरोघरी पोहोचल्यामुळे नक्कल करणाऱ्यांनाही उत्तेजन मिळाले.

सुरुवातीच्या रायफलींवर हे नाव आकड्यांत कोरलेले आहे आणि नंतरच्यांवर वळणदार अक्षरांत. त्यामुळे अगदी सुरुवातीच्या क्रमांकावर वळणदार अक्षरे असतील तर थांबावे. १८७३ च्या वह्या बऱ्याच प्रमाणात उपलब्ध असल्याने येथे नोंद तपासणे शक्य आहे आणि ते केलेच पाहिजे. कोरीवकामाचीही स्वतंत्र परीक्षा होते. विंचेस्टरकडे उलरिच कुटुंबातील कारागिरांनी दीर्घकाळ कोरीवकाम केले, आणि त्यांच्या छिन्नीचा हात ज्याने पुष्कळ पाहिला आहे त्याला नक्कल पहिल्या नजरेत खटकते. खऱ्या कामात कोरीव रेघेच्या आतली झिलई आणि बाहेरची झिलई एकाच वेळी लागलेली आणि एकाच वेळी झिजलेली असते. जुन्या झिजलेल्या रिसीव्हरवर कोरून पुन्हा निळा केलेला असेल, तर झिजेचे खड्डे झिलईच्या खाली गाडलेले सापडतात.

पोलादपूरकर
झिलईवरून एक भर घालतो. १८८६ मॉडेलचे रिसीव्हर १९०१ च्या सुमारापर्यंत केस-हार्डनिंगच्या (पोलादाचा पृष्ठभाग कठीण करण्याच्या प्रक्रियेच्या) रंगीत ढगांचे असत, त्यानंतर ते निळे झाले. जुन्या क्रमांकाचा निळा रिसीव्हर विशेष मागणीचा असू शकतो, परंतु नोंदवहीत तसे काही नसेल तर तो पुन्हा पॉलिश करून निळा केलेला असण्याचीच शक्यता अधिक. पुन्हा पॉलिश केल्याच्या खुणा स्क्रूंच्या भोकांजवळ हमखास सापडतात, कारण फिरणारे कापडी चाक भोकाच्या कडा आत ओढते आणि तेथे बशीसारखा खोलगटपणा येतो. नळीवर ठोकलेल्या कंपनीच्या पत्त्याची अक्षरे पाहा: खोल ठशाचे शेंडे पुसट आणि तळ स्पष्ट असेल, तर वरचा धातू काढलेला आहे. रंगीत केस-हार्डनिंगही आज पुन्हा करता येते, त्यामुळे ताजे आणि झगझगीत रंग पाहून भुलू नये. मूळ रंग हाताच्या पकडीच्या जागी करडे पडतात आणि लिव्हरच्या आडोशाला टिकतात.

पुनरुज्जीवनाला माझा विरोध नाही. उत्तम कारागिराने केलेले काम सांगून विकले तर त्यात गैर काही नाही. मूळ म्हणून विकले की मात्र ती फसवणूक होते.

संहिता_मिनेसोटा
मी वकील आहे, आणि या धाग्यात एक गोष्ट अद्याप आली नाही म्हणून लिहिते. गिरिजाताईंच्या बाबतीत अस्सलपणाचा प्रश्न केवळ किमतीचा नाही. १६ इंचांहून आखूड नळीची रायफल नोंदणीशिवाय बाळगणे हा १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली गंभीर गुन्हा आहे. कारखान्यातूनच आखूड आलेल्या अनेक जुन्या कार्बाइनना संग्रहणीय म्हणून शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय ब्यूरोने (एटीएफ) या कायद्यातून सूट दिलेली आहे, परंतु ती सूट नंतर कापलेल्या रायफलीला मिळत नाही. म्हणजे कार्बाइन खरी असेल तर ती दुर्मीळ वस्तू आहे, आणि खोटी असेल तर केवळ जवळ असणे हाच गुन्हा ठरू शकतो. '१८९८ किंवा त्यापूर्वीची बंदूक अँटिक असते' हा सर्वसाधारण नियम येथे आधाराला येणार नाही, कारण तुमचा क्रमांक त्यानंतरचा आहे. या विशिष्ट कार्बाइनच्या सुटीचा लेखी पुरावा विक्रेत्याकडे मागा. संशय राहिला तर ती परीक्षणासाठीसुद्धा घरी आणू नका.

विदर्भ_वाचक
शरदराव, पत्राबद्दलचे उत्तर पटले. कागद आणि धातू यांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगितली पाहिजे, असा मी त्याचा अर्थ घेतला आहे.

गिरिजा_मोंटाना
सर्वांचे मनापासून आभार. काल विक्रेत्याच्या दुकानात त्याच्या बंदूक-मिस्त्रीकडून पुढचा बँड काढून घेतला आणि भिंगातून पाहिले. नळीवर आणि रिसीव्हरवर जोडअक्षरांचा लंबगोल ठसा आहे आणि दोन्हींची झीज सारखी आहे, म्हणजे नळी याच कार्बाइनची आहे. माशीचा उंचवटा नीट बसलेला दिसतो, तेथे मला रेघ सापडली नाही. परंतु नळीच्या पोटाखालच्या खाचेत तिरप्या समांतर रेघा स्पष्ट आहेत, एका बाजूची कड दुसरीपेक्षा खोल आहे, आणि कापसाचा बोळा तेलात भिजवून फिरवल्यावर निळा रंग बोळ्याला लागला. मॅगझिन ट्यूबच्या टोकालाही आतून अशाच रेघा आहेत. सुटीचा लेखी पुरावा विक्रेत्याकडे नाही. त्याने ती स्वतः कापलेली नसावी असे मला वाटते. तो ती तशीच घेऊन बसला असावा.

पोलादपूरकर
बोळ्याला रंग लागला म्हणजे प्रश्न मिटला. कारखान्याची जुनी झिलई तेलाच्या बोळ्याने सुटत नाही. माशीचे काम चांगले जमले आहे, म्हणजे कापणारा कसबी होता, आणि खाच कोणी उघडून पाहणार नाही या भरवशावर तेथे त्याने घाई केली. बहुतेक वेळा असेच घडते, म्हणून बँडखाली पाहण्याचा माझा आग्रह असतो.

संहिता_मिनेसोटा
गिरिजाताई, तुमचा संबंध येथेच थांबू द्या. विक्रेत्याने काय करावे, हे त्याने त्याच्या राज्यातील वकिलाला विचारूनच ठरवावे. १६ इंचांची किंवा त्याहून लांब नळी बसवून घेण्यापूर्वीही त्याने सल्ला घ्यावा. तुम्ही पाहिलेल्या खुणांची छायाचित्रे मात्र जपून ठेवा.

न्यूहेवनकर
आणि ट्रॅपरच हवी असेल, तर ३,५३,९९९ च्या आतल्या क्रमांकाची शोधा. आखूड नळी ही विशेष मागणी असल्याने तिची लांबी वहीत लिहिलेली सापडण्याची शक्यता असते. किंमत आणखी वाढेल आणि थांबावे लागेल, पण नोंद संग्रहालयाकडून स्वतः मागवता येईल. विक्रेत्याने दाखवलेल्या पत्रावर विसंबू नका, कारण पत्रेही बनवली जातात. आणि नोंद आल्यावरसुद्धा बँड काढून पाहाच.